बाबासाहेबांच्या घरचा हिशोब



नागपुरातल्या संविधान चौकातून तुम्ही कितीतरी वेळा गेला असाल. जुन्या सवयीने अजूनही बरेच जण त्याला आरबीआय चौकच म्हणतात. एका बाजूला रिझर्व्ह बँकेची इमारत आणि तिथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. मुलांना विचारून बघा, या पुतळ्याचा आणि या बँकेचा काही संबंध आहे का? बहुतेक मुले गप्प बसतील. बाबासाहेब म्हणजे संविधान, बाबासाहेब म्हणजे दीक्षाभूमी, इतके मुलांना पक्के माहीत असते. पण बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, त्यांच्या मोठ्या पदव्या पैसा, कर आणि सरकारी हिशोब याच विषयांतल्या होत्या, हे आपण वर्गात फारसे सांगत नाही.

आणि त्याहून कमी सांगतो ते त्यांच्या घरच्या पैशाबद्दल. आज हे चरित्र त्याच अंगाने पाहू या. बचत, कर्ज, घरखर्च, कर हे विषय मुलांना रुक्ष वाटतात. एखाद्या माणसाच्या आयुष्यातून ते आले की लगेच कळतात.

पेन्शनचे पन्नास रुपये आणि लेकीचा दागिना

भीमराव यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर त्यांना महिना पन्नास रुपये पेन्शन मिळे. पुढे काही काळ त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी केली. म्हणजे पैसे मोजणे आणि लिहून ठेवणे हे या घराला नवीन नव्हते.

कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले तेव्हा एकाच खोलीत सगळा संसार होता. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यासही तिथेच. भीमरावांना वाचनाचे विलक्षण वेड. अभ्यासाच्या पुस्तकांशिवाय आणखी पुस्तके हवी असायची. पेन्शनीत ते बसत नसे. मग रामजी काय करत? उठून लग्न झालेल्या लेकीच्या घरी जात आणि उसने पैसे मागत. तिच्याकडे रोख नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन तो सावकाराकडे गहाण ठेवत. पुस्तक घरी येई. पेन्शन हातात पडली की पहिले काम, दागिना सोडवायचा आणि लेकीला परत द्यायचा.

या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. कर्ज कशासाठी काढले, ते कधी फेडायचे हे आधीच ठरले होते का, आणि पैसे आल्यावर सर्वांत आधी काय केले. घरातल्या कोणत्याही कर्जाला हेच तीन प्रश्न लावून पाहा. शिक्षणासाठीचे कर्ज आणि दिखाव्यासाठीचे कर्ज यातला फरक मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

साडेअकरा पौंडांचे गणित

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील वारले. त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर केली, महिना साडेअकरा पौंड. ही काही फुकटची मदत नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार त्यांनी केला होता.

न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात साडेअकरा पौंडांत राहायचे, जेवायचे, आणि त्यातून मुंबईला घरीही पैसे पाठवायचे. बाबासाहेबांनी नाटक-सिनेमा, बाहेरचे खाणेपिणे यांना बाजूला सारले. पण एका गोष्टीत हात आखडता घेतला नाही, ती म्हणजे पुस्तके. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. काटकसर म्हणजे कुठेच खर्च न करणे नव्हे. जे महत्त्वाचे आहे त्यावर खर्च करता यावा म्हणून बाकी ठिकाणी हात आवरणे, ही खरी काटकसर.

आणखी एक योगायोग बघा. बाबासाहेब अमेरिकेत पोहोचले ते 1913 सालीच. त्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन तिथे आयकर कायमचा सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू होते प्राध्यापक एडविन सेलिग्मन. आयकर या विषयावरचे त्या काळातले ते अत्यंत नावाजलेले अभ्यासक. ज्याची कमाई जास्त त्याने जास्त कर द्यावा, या विचाराच्या बाजूने ते लिहीत होते. कर म्हणजे नुसती वसुली नाही, त्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे, हे बाबासाहेबांना अगदी उगमापाशी शिकायला मिळाले.

बुडालेली पुस्तके

1916 साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले आणि पोटाला चिमटा काढून घेतलेल्या पुस्तकांचा मोठा भाग समुद्राच्या तळाशी गेला. सामानाची नुकसानभरपाई म्हणून काही पैसे मात्र मिळाले. करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचे होते आणि प्रवासालाही हातात पैसे नव्हते. ती भरपाईच कामी आली.

बडोद्यात काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे. परदेशातून शिकून आलेल्या माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत अपमान झाला. ते मुंबईला परतले. आता घर चालवायचे कसे? त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअर्स आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. होय, बाबासाहेबांनी एकेकाळी गुंतवणूक सल्लागार म्हणून काम केले आहे! विद्या पक्की होती, सल्ला चांगला होता, गिऱ्हाइके येऊ लागली होती. पण सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाइके येईनाशी झाली.

पालकहो, हा प्रसंग मुलांना सांगताना घाई करू नका. मेहनत कर, बचत कर, म्हणजे श्रीमंत होशील, असे आपण मुलांना सहज सांगतो. इथे एक माणूस मेहनतही करतो आहे, काटकसरही करतो आहे आणि त्या विषयातला जाणकारही आहे. तरी त्याचे दुकान बंद पडले, कारण समाजाने दार लावून घेतले. गरिबी ही नेहमी उधळपट्टीमुळेच येते असे नाही, हे आपल्या वर्गातल्या काही मुलांनी ऐकणे फार गरजेचे असते. त्यांच्या घरी आई-वडील राबत असतात आणि तरी महिनाअखेर डबे रिकामे होतात.

साडेचारशे पगार आणि रमाईच्या पुड्या

नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम. दुसरा कोणी असता तर मोठे घर घेतले असते. बाबासाहेब परळच्या चाळीतच दोन खोल्यांत राहिले. कारण उद्दिष्ट ठरलेले होते, लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करायचा. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती द्यायची आणि बाकी शिल्लक टाकायची, असा नेम त्यांनी ठेवला.

आधी खर्च आणि उरले तर बचत, असे आपण बहुतेक जण करतो. त्यांनी उलटे केले. आधी बचत बाजूला, मग उरलेल्यात घर. आज बँकेत आवर्ती ठेव किंवा पगारातून कापून जाणारा भविष्य निर्वाह निधी याच तत्त्वावर चालतो.

पण खरी कसोटी रमाईची होती. पगार कितीही आला तरी घर मोजक्या पैशांतच चालवायचे, आणि घरात मुलगा यशवंत, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद. रमाई महिन्याच्या पैशांच्या तीस पुड्या बांधून ठेवत आणि रोज एकच पुडी सोडत, अशी आठवण सांगितली जाते. आजची पुडी आजच, उद्याच्या पुडीला हात लावायचा नाही. आपल्याकडे कितीतरी आया-आज्या वेगवेगळ्या डब्यांत किराण्याचे, दुधाचे, शाळेच्या फीचे पैसे ठेवत आल्या आहेत. अंदाजपत्रक हा शब्द त्यांनी कधी वापरला नसेल. पण ते त्या रोज करत होत्या.

1920 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी नोकरी सोडली. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. तिला ते हजर होते. आणि लगेच जुलैमध्ये लंडनला निघाले. जवळ होती स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज.

लंडनमधले दिवस कसे होते? सकाळी घरमालकिणीकडे पावाचा तुकडा आणि थोडा नाश्ता. दुपारचे जेवण बहुतेक नाहीच, कारण ग्रंथालयातून उठले तर वेळ जातो आणि बाहेर खाल्ले तर पैसा जातो. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड भाजून खायचे. तिकडे मुंबईत रमाईकडेही पैसे संपत आलेले. एका पत्रात त्यांना पत्नीला लिहावे लागले की माझ्याकडे पाठवायला काही नाही, तूर्त दागिने विकून भागवावे, परत आल्यावर नवे करून देईन. वडिलांच्या काळात बहिणीचा दागिना गेला, आता पत्नीचा.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचताना आपण हे विसरतो. त्या पदव्यांची किंमत दोन ठिकाणी चुकवली जात होती, लंडनच्या खोलीत आणि परळच्या चाळीत. रमाईची चार अपत्ये लहान वयात गेली. 27 मे 1935 रोजी त्या स्वतः गेल्या, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते. काटकसरीचे कौतुक करताना ती कोणाच्या जिवावर उभी होती हे विसरू नये. घरात बचत करायची असेल तर तिचा भार एकाच माणसाच्या ताटावर पडता कामा नये. हेही मुलांना, आणि विशेषतः मुलग्यांना, सांगायला हवे.

रुपयाचा प्रश्न म्हणजे काय?

आता अभ्यासाकडे येऊ. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी लिहिलेला प्रबंध 1923 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. नाव अवघड वाटते, पण गाभा घरगुती आहे. रुपयाचा परदेशी चलनाशी भाव किती, याची चर्चा सगळे करत होते. बाबासाहेबांचा भर होता त्या रुपयात बाजारात काय येते यावर. रुपया स्वस्त झाला की भाव वाढतात. भाव वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही. म्हणजे चलनाच्या घसरणीचा पहिला फटका बसतो तो हातावर पोट असलेल्या माणसाला.

घरातल्या बचतीलाही हाच नियम लागू आहे. मडक्यात ठेवलेले शंभर रुपये दहा वर्षांनी शंभरच राहतात, पण त्यात येणारी डाळ कमी होते. मुलांना एवढे कळले तरी महागाई म्हणजे काय हा धडा निम्मा झाला.

चलनाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर डिसेंबर 1925 मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली. याच आयोगाने देशासाठी मध्यवर्ती बँक असावी अशी शिफारस केली आणि 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बँक एकट्या बाबासाहेबांनी काढली असे कुणी सांगितले तर ते अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या चर्चेतून ती जन्मली त्या चर्चेत एक भक्कम आवाज त्यांचा होता, हे निश्चित. संविधान चौकातला तो पुतळा आणि ती इमारत यांचा संबंध हा असा आहे.

कर कोणाकडून, किती?

1925 साली त्यांचे दुसरे पुस्तक आले, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेच्या विकासावर. त्याला प्रस्तावना होती गुरू सेलिग्मन यांची. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, कोणता कर कुणाच्या खिशातून आला, याचा हा अभ्यास. याच सुमारास घर चालवण्यासाठी ते वकिलीबरोबर एका हिशोब-प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते, हेही ध्यानात ठेवा.

1927 मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले आणि पहिल्याच अंदाजपत्रकावरच्या चर्चेत त्यांनी एक साधा मुद्दा मांडला. आयकराला एक मर्यादा आहे. त्याखाली कमाई असलेल्याला कर नाही. मग शेतसाऱ्याला अशी मर्यादा का नाही? दोन एकरवाल्या शेतकऱ्यालाही सारा, पीक बुडाले तरी सारा. ज्याची कर देण्याची ऐपतच नाही त्याच्याकडून कर घेणे हा अन्याय, असे त्यांचे म्हणणे होते. विदर्भात राहणाऱ्या आपल्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याआधी 1918 साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या लेखात त्यांनी बचतीबद्दलही मोलाचे सांगितले होते. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून राहिली की जे पिकते ते सगळे खाण्यातच जाते, शिल्लक काही राहत नाही. शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही, आणि भांडवल नाही म्हणून शेती सुधारत नाही. उपाय काय? नुसते काटकसरीचे उपदेश नकोत, हाताला दुसरे काम हवे, उद्योग हवेत. घराला हे लावून बघा. खर्चाला कात्री लावण्याला एक मर्यादा असते. त्यापुढे उत्पन्न वाढवण्याचाच विचार करावा लागतो.

पुढे संविधान घडवताना हीच दृष्टी कामी आली. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, हे कलम 265 सांगते. केंद्र आणि राज्ये यांच्यात पैशाची वाटणी सुचवण्यासाठी वित्त आयोग हवा, हे कलम 280 सांगते. आणि सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला बाबासाहेबांनी संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानले होते. ज्या मुलाने वडिलांना पेन्शनीचा हिशोब जुळवताना पाहिले, त्याने देशाच्या हिशोबावर पहारेकरी हवा म्हणावे, यात नवल ते काय?

नागपूरचे ऋण

1942 च्या जुलैमध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वेळी दलित महिलांची मोठी परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तिथे बाबासाहेबांनी बायकांना मुलांच्या शिक्षणाबद्दल सांगितलेच. शिवाय मुलांची लग्ने ती कमावती होण्याआधी लावू नका, झेपेल इतकीच अपत्ये असू द्या, असेही सांगितले. संसाराचे आर्थिक नियोजन यापेक्षा वेगळे काय असते? 14 ऑक्टोबर 1956 चा दीक्षाभूमीवरचा सोहळा आपण जाणतोच. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, ते गेले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. शाळेची सहल काढायची असेल तर जरूर न्या.

आपण काय घ्यायचे?

आपण पगारदार माणसे. दर वर्षी पगारातून आयकर कापला जातो आणि पावसाळ्याच्या सुमारास विवरणपत्र भरायची धावपळ सुरू होते. काही जणांना परतावा मिळतो आणि तो आला की लॉटरी लागल्यासारखा आनंद होतो. पण परतावा हे बक्षीस नव्हे. ते तुमचेच जास्त कापले गेलेले पैसे आहेत. बुडालेल्या सामानाची भरपाई बाबासाहेबांनी मौजेत उडवली नाही. ती हातातल्या नेमक्या गरजेला लावली. परताव्याचेही तसेच ठरवून टाका. आधी महागड्या व्याजाचे कर्ज, मग अडीअडचणीची शिल्लक, मग बाकीचे.

काही साध्या गोष्टी पाळा. कापलेला कर तुमच्या नावावर जमा दिसतो का ते विवरणपत्र भरण्याआधी तपासा. बँक खाते पोर्टलवर पडताळलेले असू द्या, नाहीतर परतावा अडकतो. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करा, ती राहिली तर भरलेले न भरल्यासारखेच. मागील वर्षांची थकबाकी एकदम मिळाली असेल तर तिच्यावरच्या सवलतीचा वेगळा अर्ज विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. शिक्षकांचे नुकसान बऱ्याचदा इथेच होते. आणि परतावा वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून खोट्या वजावटी दाखवू नका.

वर्गासाठी उपक्रम

1. इयत्ता पाचवी ते सातवी : प्रत्येक मुलाला कागदाच्या तीस पुड्या आणि खोटे तीनशे रुपये द्या. मधल्या एका दिवशी आजारपणाचा खर्च आला असे सांगा. आता पुड्या कशा बदलाल?

2. इयत्ता आठवी ते दहावी : कर्ज घेण्याची पाच कारणे फळ्यावर लिहा. रामजींचे तीन प्रश्न लावून प्रत्येक कर्जावर चर्चा घ्या. मुलांना स्वतःच्या घरचे कर्ज सांगायला मात्र लावू नका.

3. पालकांसाठी : एक महिना घरातला खर्च मुलांसोबत वहीत लिहा. महिनाअखेर एकच प्रश्न विचारा. या महिन्यात काटकसर कोणी केली? उत्तर दर वेळी आई हेच येत असेल, तर पुढच्या महिन्याचे नियोजन बदला.